कोट झटकायचे दिवस

गवताच्या गाड्या सुरू झाल्या. तलासरीकडून येणारा एकेक ट्रक अंगापेक्षा दुप्पट गवत घेऊन, रस्त्याकडेच्या फांद्यांना खरवडत, डुलत डुलत जातो आणि मागे डांबरावर पिवळ्या काड्यांचा पातळ सडा टाकून जातो. आमचं घर नरपडला, तिथून मोठा रस्ता लांब आहे. पण दिवाळीनंतरच्या कुठल्या तरी दुपारी भाजी आणायला डहाणू रोडला जावं आणि नेमकी मोसमातली पहिली गाडी समोर यावी, असं दर वर्षी होतं. पूर्वी आधी वास यायचा, मग गाडी. आता नुसती गाडीच दिसते.

माझं नाक गेलं त्याला बरीच वर्षं झाली. गेलं म्हणजे जागेवर आहे, चष्मा टेकायला उपयोगी पडतं. पण वासाचं म्हणाल तर काही नाही. भाजलेल्या बोंबलाचा नाही, मोगऱ्याचा नाही, गटाराचाही नाही. गंमत अशी, की समोरचा वास गेला तरी आठवणीतला गेला नाही. गवताची गाडी बघितली की डोक्याच्या मागच्या बाजूला कुठंतरी तो वास उघडतो. उन्हात तापलेली गोधडी, तळाशी जरासा गूळ, जरा माती. मी डोळे मिटून रस्त्याच्या कडेला उभा राहतो. भाजीवाली बाई विचारते, "काका, चक्कर आली का?" मी नाही म्हणतो आणि भेंडी निवडायला लागतो.

यंदा मात्र गवताबरोबर दुसरंही काही आलं. माझ्या बायकोचा, जमनाचा, श्वास कमी झाला. डोक्यावर पाटी घेऊन किनाऱ्यापासून घरापर्यंत एका दमात येणारी बाई आता विहिरीपाशी थांबते, मग चाफ्यापाशी, मग ओटीच्या पायरीवर बसते. तिच्या छातीतून दोनदा पाणी काढलं. आधी टीबीची शंका होती, पण टीबी निघाला नाही. मग सोमवारी वापीच्या दवाखान्यात फुप्फुसावरच्या पातळ पडद्याचा एक लहानसा तुकडा काढायचं ठरलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मला एक गोष्ट सांगायची होती. आधीच्या खेपेला त्यांनी ती सरळ विचारली होती आणि मी गप्प बसलो होतो.

मी फायरमन होतो. सव्वीस वर्षं बंबावर काढली. आमच्याकडे आगीची खबर आली की त्याला वर्दी म्हणतात, आणि गवताच्या मोसमात वर्द्यांना सुमार नसायचा. पावसाळ्यात डोंगरउतारावर माणसाच्या कमरेएवढं वाढलेलं गवत दिवाळीनंतर कापतात, वाळवतात, भारे बांधून वखारीत रचतात, आणि मग ते मुंबईच्या तबेल्यांकडे जातं. वखारीत एक विडी पुरे. गाडी उंच भरली असेल तर विजेच्या तारेचा एक ओझरता स्पर्श पुरे. दुपारी दोनच्या सुमारास, जेवण अंगावर आलेलं असताना, फोन वाजायचा आणि आम्ही तोंड न पुसता बंबावर चढायचो.

बंब चालवायचा लखमा, तलासरीकडच्या पाड्यावरचा वारली. स्टिअरिंगवर बसला की तो माझ्याकडे न बघता ओरडायचा, "नाकवाले, सांगा, काय जळतं?" मी खिडकीतून डोकं बाहेर काढायचो. दोन मैलांवरून मला कळायचं. सुकं गवत, ओलं गवत, ताडाची झावळी, कोळ्यांची जाळी, फुग्यांच्या कारखान्यातलं रबर. एकदा मी "चिकूचं लाकूड आणि दाराला नवा रंग" असं सांगितलं होतं आणि खरोखरच वाडीतलं नवं रंगवलेलं खोपट निघालं. त्या दिवसापासून केंद्रावर माझ्या नाकाला मान होता. मला वाटायचं, देवानं हे नाक याच कामासाठी दिलं आहे. ते आपण रोज थोडं थोडं खर्च करतो आहोत, हे काही सुचलं नाही.

एक दुपार अजून तशीच्या तशी डोळ्यांसमोर येते. गवताचा ट्रक पेटलाय आणि ड्रायव्हर थांबतच नाही. वस्तीतून जाताना लोक ओरडताहेत, "अरे रोक, रोक!" आणि तो गुजराती ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून ओरडतोय, "घर छे, घर छे!" दोन्ही बाजूंना घरं होती म्हणून तो जळती गाडी चालवत राहिला, थेट उघड्या शेतापर्यंत. मग उडी मारून बाजूला झाला. आम्ही पोचलो तेव्हा तो बांधावर बसून विडी शोधत होता. मागे गवताचा एवढा डोंगर, आणि तो इतका शांत जळत होता की ज्वाळेचा आवाजसुद्धा येत नव्हता. ठिणग्या वर जात होत्या, आभाळ निळं होतं, दूरच्या झाडांवर बगळे बसले होते. कामाच्या गडबडीतही मी क्षणभर नुसता बघत राहिलो. आग सुंदर असते हे फायरमननं बोलू नये, पण आता निवृत्त झालोय म्हणून बोलतो.

आग विझली की गूळ. हा आमचा रिवाज. केंद्रावर पत्र्याच्या डब्यात गुळाची ढेप असायची. थुंकी दोन-दोन दिवस काळी यायची आणि लखमा म्हणायचा, "गूळ खा, धूर उतरतो." कुणी सांगितलं, कुठं लिहिलं आहे, काही माहीत नाही. पण आम्ही सगळे काळ्या हातांनी तो गूळ फोडायचो आणि काळ्या बोटांसकट चाटून खायचो. धुरावर आणखी काजळी, आणि तिला औषध म्हणायचं. तेव्हा मात्र घशातून खाली उतरताना तो गूळ खरंच काहीतरी धुऊन नेतोय असं वाटायचं.

ज्या मोसमाबद्दल मी हे सगळं सांगतोय त्या मोसमात मला नवा कोट मिळाला. आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. जाड, गुडघ्यापर्यंतचा, पितळी बटणांचा गर्द निळा कोट. मी तो घालून केंद्रात आलो तर सगळे उभे राहिले. एकानं बादली वाजवली, एकानं नळीचं तोंड सनईसारखं ओठाला लावलं. लखमा म्हणाला, "नवरदेव आला रे! नवरदेवाला धूर लागू देऊ नका." नवा कोट म्हणजे नवरदेव, ही केंद्रावरची जुनी चेष्टा. ज्याचा कोट स्वच्छ तो आगीच्या बाहेर उभा राहणारा, ज्याचा कोट काळा तो आत जाणारा. साहेबसुद्धा कोट बघूनच माणूस जोखायचे. कोट धुणं तर कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. मिळवलेलं कुणी धुतं का?

चार दिवस मी नवरदेव होतो, तेवढे मला जड झाले. पाचव्या दिवशी एका जळक्या वखारीत, सगळं विझल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून मी कोट काढला आणि ओल्या राखेत घातला. पायानं तुडवला. बाह्यांना कोळसा घासला, कॉलरला घासला, पाठीवर हात पोचेना म्हणून कोट भिंतीला घासला. घरी आलो तो दहा वर्षं नोकरी झालेला फायरमन होऊन.

जमना नरपडचीच, कोळ्याची मुलगी. घरामागे वाळूत बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, त्याला आम्ही वलांडी म्हणतो, आणि तिच्यावर हिवाळाभर बोंबील वाळत असायचे. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकायचे. ती ते इतक्या भरभर टाकायची की बघणाऱ्याला हात दिसायचे नाहीत, नुसते बोंबील दोरीवर बसताना दिसायचे. त्या बाईला घरात मळका कपडा खपायचा नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी झोपलो असताना तिनं कोट उचलला, दगडावर घेतला, साबण लावून तीन पाण्यांतून काढला आणि वाळवायला दुसरी जागा नव्हती म्हणून वलांडीवर टाकला, बोंबलांच्या मधोमध.

मी उठून मागच्या दारी गेलो. वारा होता. चंदेरी बोंबलांच्या रांगेत माझा कोट हात पसरून हलत होता, निळा, स्वच्छ, पितळी बटणं लखलखणारी. आज ते आठवलं की हसू येतं. इतका देखणा तो पुन्हा कधी दिसला नाही. पण तेव्हा माझं डोकं फिरलं.

"हे काय केलंस तू? कुणी सांगितलं धुवायला?"

"अवो, काळाभोर झाला होता. पाण्यात सोडला तं पाणी शाईसारखा झाला. माझे हात बघा."

तिनं हात पुढे केले. कोपरापर्यंत लाल होऊन त्यावर पुरळ उठलं होतं. मी ते बघितलं. बघितलं आणि म्हटलं, "पुन्हा माझ्या कोटाला पाणी लावलंस तर याद राख." चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. केंद्रावर गेलो तर नवरदेव परत आला होता आणि वर बोंबलाचा वास. लखमा नाक धरून म्हणाला, "नाकवाले, आता काय जळतं सांगा, सुकी मासळी?" दोन दिवसांत मी तो पुन्हा काळा केला.

पोरकटपणा होता, हे मला आता कळतं, आणि हे कळून काय उपयोग असंही वाटतं. माणूस ज्या गोष्टीसाठी जीव टाकतो ती बहुतेक वेळा अशीच क्षुल्लक असते, दहा जणांनी हसू नये म्हणून केलेली. आगीत शिरताना मला कधी भीती वाटली नाही. हसण्याची मात्र वाटायची.

मग त्याच मोसमात, गवत संपत आलेलं असताना, ती गोडाऊनची वर्दी आली. तलासरीच्या अलीकडे महामार्गाला लागून एक लांबलचक गोडाऊन होतं, आत पुठ्ठे आणि प्लास्टिकचे दाणे, वर सिमेंटचे पत्रे. ऊन कलायला लागलं होतं. श्वास घ्यायचा एक संच बंबावर होता, पण तो पेटीतच राहायचा. पेटी उघडली तर उघडणारा भित्रा ठरायचा. आम्ही तोंडाला ओला पंचा गुंडाळून आत शिरलो.

सिमेंटचा पत्रा तापला की फुटतो. आधी एक फुटला, लाहीसारखा. मग दुसरा, मग सगळीकडून तडतड सुरू झाली, जणू आभाळात कुणीतरी ज्वारीच्या लाह्या फोडत होतं. लखमा ओरडला, "खाली बसा!" आम्ही भिंतीशी दबून बसलो. वरून तुकडे पडत होते आणि तुकड्यांमागून पांढरी धूळ उतरत होती. ती पडत नव्हती, तरंगत होती. वर छपराला पडलेल्या भोकांतून उन्हाच्या तिरक्या काठ्या आत आल्या होत्या आणि त्या काठ्यांमध्ये ती धूळ चमचमत फिरत होती. खूप बारीक कुसळं, मऊ, हलकी. माझ्या बाहीवर, लखमाच्या मिशीवर, नळीवर, सगळ्यांवर ती बसत गेली. मी आजवर बर्फ पाहिलेला नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं, पाहिला.

संध्याकाळी आम्ही केंद्रावर उतरलो तर सगळे पांढरे. साहेब हसले, "पिठाच्या गिरणीत आग होती का रे?" माझा काळा कोट, दोनदा कमावलेला, पांढरा झाला होता. काळा लपला हे दुःख मला जास्त. मी तो तसाच घडी करून सायकलला लावला आणि घरी आणला. जमना अंगणात होती. मी तिला म्हटलं, "पाणी लावू नको. पाणी लावलंस तर काळं जाईल. नुसता झटक."

संक्रांतीची बोलणी तिच्या लक्षात होती. तिनं कोट दोन्ही खांद्यांना धरला, वाऱ्याच्या दिशेला पाठ केली आणि झटकला. एकदा, दोनदा, मग तो वलांडीवर टाकून काठीनं बडवला. पश्चिमेला सूर्य सुरूच्या झाडांमागे उतरत होता आणि अंगणभर तेच गोडाऊनमधलं चमचमणं पुन्हा उभं राहिलं. जमना त्याच्या मधोमध. तिच्या केसांवर धूळ बसली, पापण्यांवर बसली. तिनं फुंकर मारून ओठांवरची उडवली आणि खोकली. मी ओटीवर चहा पीत बसलो होतो. मी हसलो आणि म्हटलं, "म्हातारी झालीस."

तीही हसली. पंचविशीतली बाई, पांढऱ्या केसांची. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर संध्याकाळचा उजेड आहे. तो मी किती वेळा आठवला असेन त्याला मोजदाद नाही. परदेशी माणसं समुद्राचे फोटो जपून ठेवतात तसा मी तो उजेड जपला होता. आणि आता तोच मला डोळ्यांसमोर नको असतो.

त्यानंतर ती रीतच पडली. मी घरी यायचो, कोट तिच्या हातात द्यायचो, ती मागच्या दारी जाऊन झटकायची. पुढे ओटीवर बसून तो आवाज ऐकत ऐकतच मी म्हातारा झालो, असं म्हटलं तरी चालेल. फट्, फट्, फट्, मधे एक खोकला, परत फट्. खिशातून काय काय निघायचं. वितळलेलं प्लास्टिकचं बटण, काचेचा तुकडा, एकदा जळक्या घरातली एका लहान मुलीची बांगडी. ती बांगडी जमनानं धुऊन फळीवर ठेवली होती. कोट तेवढा धुतला नाही. सिमेंटचे पत्रे तर काय, कुठं नव्हते? गोडाऊनवर, शाळांवर, पोल्ट्रीवर, निम्म्या घरांवर. जिथं आग तिथं ते फुटायचे.

माझं नाक गेलं तेही याच वर्षांत. महामार्गावर एक टँकर उलटला होता आणि हवेत अतिशय गोड वास होता, पिकून मऊ झालेल्या चिकूंच्या ढिगासारखा. मी लखमाला म्हटलं, "काय छान वास आहे रे." तासभर त्या गोड वासात उभे होतो. पुढे महिनाभर मला सगळंच चिकूसारखं लागायचं, आणि मग एकेक करून वास कमी होत गेले. शेवटचा गेला तो गवताचा. पुढच्या मोसमात लखमानं विचारलं, "नाकवाले, काय जळतं?" मी अंदाजानं "गवत" म्हटलं. ते घर होतं. त्यानंतर त्यानं विचारणं सोडलं. लखमा आता नाही. शेवटचं वर्षभर तो लघवीतून रक्त जातं म्हणून मुंबईच्या फेऱ्या मारत होता. त्याच्या उशाशी शेवटपर्यंत गुळाचा डबा होता.

निवृत्त झालो तेव्हा कोट निकामी ठरला होता, म्हणून साहेबांनी तो मला आठवण म्हणून नेऊ दिला. ओटीवर खुंटीला लावला. पाहुणे आले की मी त्याच्याकडे बोट दाखवायचो. काळा कुळकुळीत, शिवणींमध्ये अजून पांढरट.

मागच्या महिन्यात वापीला त्या डॉक्टरीणबाई जमनाच्या छातीचे फोटो बघत होत्या. तरुण आहेत, मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही एकाच वाक्यात बोलतात. त्यांनी जमनाला विचारलं, "मावशी, कधी सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात काम केलंय? पत्रे तोडायचं, कापायचं? जुनी गोष्ट असली तरी चालेल."

"नाय बाय," जमना म्हणाली, "आमी समुद्राची माणसं. आमचा काय संबंध पत्र्यांशी?"

"काका, घरात कुणी?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही हे त्यांना कळलं नसावं. त्यांनी लिहिलं नाही, पण म्हणाल्या, "आठवलं तर सांगा. तुकड्यात काय शोधायचं ते आम्हाला कळलं पाहिजे."

परत येताना जमना खिडकीला टेकून झोपली होती. मी स्वतःला समजावत होतो, की आत गेलो मी, धूर गिळला मी, व्हायचं तर मला झालं असतं. दोन दिवसांनी कुणाला न सांगता माझाही छातीचा फोटो काढून घेतला. साफ निघाला. साफ निघाल्याची माणसाला लाज वाटते, हे मला माहीत नव्हतं.

मग मी केंद्रावर गेलो. तिथं आता प्रणाली आहे, कोसबाडची मुलगी, फायरमन म्हणून भरती झालेली. केंद्राच्या मागे दोरीवर आठ कोट वाळत होते, सगळे धुतलेले. मला सवयीनं हसू आलं. "काय गं, सगळे नवरदेव?" तिला चेष्टा कळली नाही, मला ती समजावून सांगावी लागली. ऐकून ती म्हणाली, "काका, ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी सांगतात, काळा कोट म्हणजे विष अंगावर घेऊन फिरणं. घरी न्यायचा नाही. आगीवरून आलं की आधी पाणी मारायचं, पिशवीत बंद, मग इथंच धुवायचा."

"आणि पाणी नसेल तर? नुसता झटकला तर?"

"झटकायचा तर अजिबात नाही," ती म्हणाली. "झटकला की ते हवेत येतं. ओला असला की बसून राहतं. पत्र्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ तर काका, घरच्यांनासुद्धा..." ती माझ्याकडे बघून थांबली. मग हळूच म्हणाली, "काका, पाणी देऊ का?"

मी बाकावर बसलो होतो. समोर बंब उभा होता, नवा, लाल. सव्वीस वर्षं मी पाण्याच्या टाकीवर बसून फिरलो. जिथं कुठं पाणी लागेल तिथं नेऊन टाकलं. स्वतःच्या घरी मात्र म्हणालो, पाणी लावू नको.

त्याहून एक लहान गोष्ट मला जास्त टोचते. धूर मी खाल्ला म्हणून गूळ मला मिळायचा. धूळ तिनं खाल्ली, तिला कधी कुणी गुळाचा खडा दिला नाही. त्यानं काही होत नाही हे आता ठाऊक आहे. तरी द्यायला हवा होता.

प्रणालीनं जाड पिशव्या दिल्या आणि कसं करायचं ते सांगितलं. रविवारी, जमना शेजारी गेलेली असताना, मी तोंडाला पट्टी बांधली, कोटावर तांब्यानं हळूहळू पाणी सोडलं आणि तो जड, गार, काळं पाणी गाळणारा कोट दोन पिशव्यांत बंद केला. जाळून टाकावा असं एकदा मनात आलं होतं. पण त्याचा धूर कुणाच्या अंगणात जाईल ते मला आता कळतं. खुंटीमागची भिंत तेवढीच जरा उजळ निघाली. मी ओला पोछा मारत होतो तेव्हा जमना आली, पायरीवर बसली, दम खात खुंटीकडे बघत राहिली.

"कुठं चालला कोट?"

"केंद्रावर. जमा करायचा."

तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "निदान धुवून तरी द्या."

मी तेव्हाही काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, तिथंच, तिच्या शेजारी पायरीवर बसून. पण इतक्या वर्षांची गोष्ट कुठून धरायची ते सुचेना, आणि ती दमली होती, आणि मी भित्रा होतो. शेवटी हेच खरं.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. उजाडता उजाडता रुळांच्या बाजूच्या वाड्यांवर धुकं होतं आणि मोकळ्या माळावर कापलेल्या गवताचे भारे ओळीनं उभे होते. जमनानं खिडकी थोडी उघडली. "वास येतो बघा गवताचा," ती म्हणाली, आणि मग तिला आठवलं. मी म्हटलं, "सांग ना, कसा येतो?" तिनं विचार केला. "ऊन लागलेल्या गोधडीसारखा." आम्ही एवढी वर्षं एकाच घरात राहिलो, पण वासाबद्दल कधी बोललो नव्हतो. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "अवो, लोक बघतात."

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पुढे ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. "व्यवसाय?"

"काय नाय," जमना म्हणाली, "घरीच असते." जन्मभर वाळवलेले बोंबीलसुद्धा तिला सांगण्यासारखे वाटले नाहीत.

पेन कागदाला टेकलं. मी म्हटलं, "थांबा. फायर ब्रिगेड लिहा."

"काका, तुमचं नाही. मावशींचं विचारतेय."

"हिचंच सांगतोय. मी बंबावर होतो. पत्रे फुटायचे, त्यांची धूळ कोटावर बसायची. तो कोट मी घरी आणायचो आणि ही अंगणात झटकायची. कोरडाच." मी जमनाकडे बघू शकलो नाही. टेबलाच्या कडेला एक ओरखडा होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. मऊ आवाजात विचारलं, "किती वर्षं?"

मी हिशेब मांडत होतो. तेवढ्यात जमनाच बोलली. "तेवीस. मधे कदी दोन-चार दिवस खाडा पडला असेल. गवताच्या मोसमात रोज." तिचा आवाज साधाच होता. कुणीतरी आपलं काम विचारावं आणि आपण सांगावं, तसा.

व्यवसायापुढच्या ओळीत तेवढं मावलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बाण काढून बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं. जमनाला अक्षरं येत नाहीत. तिनं मला कोपरानं ढोसलं, "काय लिहिला?" मी वाचून दाखवलं. अग्निशमन दलातील पतीचा कोट झटकणे, तेवीस वर्षे.

तिनं ते लक्ष देऊन ऐकलं. पदर सारखा केला, एक मोठा श्वास घ्यायला गेली, तो अर्ध्यातच राहिला.

"पाणी लावू देत नव्हते," ती म्हणाली, "ते पण लिहा."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"लिहा," मी म्हटलं.